आठव्या अंकातले रिकामे फुगे

नंदू,

काकींनी, म्हणजे तुझ्या आईने, ट्रंकेतून मेणकागदाच्या चार स्टेन्सिल्स काढून माझ्या मांडीवर ठेवल्या तेव्हा मी चित्रं नाही पाहिली, आधी फुगे पाहिले. माणसांच्या तोंडाशी तू काढायचास ते संवादाचे वेडेवाकडे फुगे. अकराच्या अकरा रिकामे होते.

“कोणाक हात लावूक दिल्यान नाय,” काकी म्हणाल्या. “इतके दिवस खंय होतंस गो?”

मी चहाचा घोट घेतला. उत्तर मला येत होतं, पण ते त्यांना द्यायचं नव्हतं. आपण अडीच महिने बोलत नव्हतो. मग तुला कावीळ झाली आणि बारा दिवसांत सगळं संपलं. त्यातल्या नवव्या दिवशी मी येऊन गेले, हे तुला कोणी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. तू झोपला होतास. तुझे तळवेसुद्धा पिवळे दिसत होते. मी अर्धा तास बसले आणि तुला न उठवता निघून आले. उठवायला हवं होतं. एवढं एक वाक्य लिहून मी ते बाजूला ठेवते, कारण ‘रडगाणं’ हा शब्द तू ज्या सुरात म्हणायचास, तो सूर अजून माझ्या कानात आहे.

स्टेन्सिल्स घरी आणून मी एकेक खिडकीच्या काचेवर धरली. चित्रं उजेडात नीट दिसली. रेघ तुझीच, कुठे जोर द्यायचा आणि कुठे लेखणी नुसती टेकवायची हे आता पुरतं कळलेली. आपल्या पहिल्या अंकात तू इतका जोर लावला होतास की एका पोलिसाचं पोटच गळून पडलं होतं आणि तिथे शंभर प्रतींवर शाईचा गोळा उमटला होता. तेव्हा मी तुला शिकवलं होतं, की मेणकागदावर गोल पूर्ण जोडायचा नाही, जराशी फट ठेवायची, नाहीतर आतला तुकडा सुटून येतो. या चार पानांवर प्रत्येक फुग्याला ती फट आहे. केसाएवढी.

आपली ओळखही मेणकागदावरचीच. घाटकोपर स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासात मी सकाळच्या बॅचला शिकवायचे, आणि दुपारी नकला काढायचं सायक्लोस्टाइलचं मशीन माझ्या ताब्यात असायचं. तू चाळीच्या सत्यनारायणाची नोटीस काढायला आलास. मजकूर टाइप करून मी शाईची ट्यूब आणायला आत गेले, तेवढ्यात तू माझी लोखंडी लेखणी उचललीस आणि स्टेन्सिलच्या कोपऱ्यात एक भटजी काढलास. पोथी उलटी धरून घड्याळाकडे बघणारा.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“जागा फुकट जात होती.”

“मेणकागद आहे तो. खोडलं तरी डाग राहतो.”

“झकास. खोडायचंय कोणाला?”

नोटिसा भटजीसकट गेल्या. पुढच्या आठवड्यात तू परत आलास आणि सांगितलंस, चाळीतल्या लोकांनी पहिल्यांदाच नोटीस शेवटपर्यंत वाचली. खिशात चार घड्या घातलेला कागद होता. त्यावर चित्रं होती आणि फुग्यांत जे होतं त्याला अक्षर म्हणणं कठीण होतं.

“मी बोलतो, तू लिही,” म्हणालास. अहो-जाहो तिथेच संपलं.

मी म्हटलं, मी इंग्लिश मीडियमची, मराठी मला दुसरी भाषा होती, मी अजून एकेक अक्षर चित्र काढल्यासारखं काढते.

“तेच पायजे. माझ्या बापाला चष्म्याशिवाय वाचता आलं पायजे.”

त्या दिवसापासून तू मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायला लागलास. आमच्या शाळेत एकही नन नव्हती, हे मी तुला निदान दहा वेळा सांगितलं. “तुझ्याकडे बघून वाटतं ना पण,” एवढंच तुझं उत्तर.

गाणी त्याच सुमारास आली. भाल्याचा मामा बोटीवर नोकरीला होता. तुझ्या या दोस्ताकडे मामाने आणलेल्या कॅसेटी पडून होत्या, त्यात एक बिनलेबलची निघाली. तिच्यात तीन-चार माणसं ओरडत होती, गिटार करवतीसारखी वाजत होती आणि प्रत्येक गाणं दीड-दोन मिनिटांत आपटून बंद होत होतं. तू महिनाभर तेवढंच ऐकलंस. एका इंग्रजी मासिकात वाचून मी तुला सांगितलं, की या प्रकाराला पंक म्हणतात.

“याला नाव पण आहे?” तू खट्टू झालास. “मला वाटलं, कोणी ऐकत नाय म्हणून ओरडतायत बिचारे.”

मग तूही ओरडायला लागलास, मराठीत. गिटारला सहापैकी चार तारा होत्या. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधली चकती तू तिच्या पोटावर चिकटवलीस आणि तिची वायर घरातल्या मोठ्या रेडिओच्या मागे खुपसलीस. भाल्या रॉकेलचा रिकामा डबा वाजवायचा. ‘पामतेल’ हे तुझं पहिलं गाणं एक मिनिट दहा सेकंदांचं होतं. दुसरं होतं हाउसिंग बोर्डाच्या फॉर्मवर, त्यात फक्त एक ओळ होती: फॉर्म भरा, फॉर्म भरा, फॉर्म संपले. तिसऱ्या वेळी ‘संपले’ म्हणताना तुझा आवाज जो फाटायचा, तो मला अजूनही कुठल्याही खिडकीवर रांगेत उभी असले की ऐकू येतो.

कोणी विचारलं, तर मी आता न अडखळता सांगते, की तू गायक होतास आणि व्यंगचित्रकार होतास. बादल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होतास हेही खरं, पण ती तुझी नोकरी होती. चार वर्षांत ‘खरखर’चे सात अंक आणि अंकासोबत मागेल त्याला एक कॅसेट. इतकं नेमाने काम करणारा माणूस मी आमच्या नात्यात पाहिलेला नाही, आणि आमच्या नात्यात दोन चार्टर्ड अकाउंटंट आहेत.

कॅसेटवरून आपण कायम भांडलो. तुझ्याकडे एकच टू-इन-वन होता, म्हणजे एका कॅसेटवरून दुसरी करायची सोय नव्हती. म्हणून जो कोरी कॅसेट आणून देईल, त्याच्यासाठी तू सगळी नऊ गाणी पहिल्यापासून गायचास. सुरुवातीला त्याचं नाव घ्यायचास. ‘ही मुलुंडच्या शिरीषसाठी.’ ‘ही कांदिवलीच्या त्या दोघींसाठी, नावं विसरलो, सॉरी.’ शिरीषच्या कॅसेटवर मधेच कुकरची शिट्टी आहे. त्या दोघींच्या कॅसेटवर काकी कोथिंबीरवाल्याशी भांडतायत. दोन कॅसेटी कधी सारख्या नव्हत्या.

मी म्हटलं होतं, स्टेशनसमोर डबल कॅसेटवाला बसतो, एक चांगली कर, तो पन्नास काढून देईल.

“नक्कल कशाला द्यायची? त्या माणसाने माझ्यासाठी कॅसेट आणली, मी त्याच्यासाठी गाणार.”

“मग अंकाच्या शंभर नकला चालतात?”

“अंक वाचताना माणूस एकटा असतो. कोणी हाक मारून वाचत नाय.”

हे उत्तर होतं का? मला अजूनही वाटतं की नव्हतं. पण खोडून काढणारं दुसरं वाक्य मला तेव्हा सुचलं नाही, आता सुचून उपयोग नाही.

या गाण्याचा मार सगळ्यात जास्त काकांनी खाल्ला. संपानंतर तुझ्या वडिलांची गिरणी उघडलीच नाही. दुपारपासून ते उंबऱ्यात बसायचे, पाठ घराकडे, तोंड गॅलरीकडे. आत तू संध्याकाळी कामावरून येऊन शिरीषसाठी गायचास, दुसऱ्या दिवशी भांडुपच्या कोणासाठी. तीच नऊ गाणी. काका उठून कधी गेले नाहीत आणि बरं असंही कधी म्हणाले नाहीत. माझ्याशी चार वर्षांत ते एवढंच बोलले, “चप्पल आत घे, कुत्रो नेता.”

आणि आपलं भांडणही त्यांच्यावरूनच झालं.

सहाव्या अंकात तू पहिल्यांदा त्यांना काढलंस. उंबऱ्यात बसलेले, बनियन, गुडघे वर. फुग्यातलं वाक्य तू मला क्लासात येऊन सांगितलंस आणि कारखान्यात पळालास: ‘तुझ्या गाण्यापेक्षा भोंगो बरो होतो.’ त्यांनी खरंच तसं म्हटलं होतं. मी लेखणी हातात घेतली. चित्रातल्या माणसाकडे बघून मला वाटलं, याचं सगळं गेलंय, आता आपल्या मुलाच्याच अंकात हा असा दुष्ट का दिसावा? मी स्टेन्सिलवर कापलं: ‘गाणं बरं आहे रे, पण भोंग्याची सवय जात नाही.’ शंभर प्रती काढल्या. टाचण्या लावल्या. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

तू वाटून झाल्यावर वाचलंस. आधी तू कधी वाचायचासच नाहीस, इतका विश्वास होता. क्लासच्या जिन्यात येऊन उभा राहिलास आणि आवाज न चढवता बोललास. तू ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

“हे कोण बोलतंय? माझा बाप नाय हा.”

“मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल.”

“त्यांनीच म्हटलेलं आहे, त्यांना काय वाईट वाटायचंय? तू माझ्या बापाला शहाणं केलंस, कॉन्व्हेंट. ते ‘बरं’ म्हणाले असते, तर मी गायला लागलोच नसतो.”

मी सॉरी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, की मग तुझे शब्द तूच लिही. घाबरट माणसं अशा वेळी फार ताठ बोलतात.

तू लिहिलेस. सातवा अंक तू स्वतःच्या अक्षरात काढलास, दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर. भाल्याने मला एक प्रत आणून दिली. चित्रं तुझ्या आजवरच्या कामात सगळ्यात चांगली होती आणि एकही फुगा वाचता येत नव्हता. मी ती प्रत भिंगाखाली धरून तीन संध्याकाळी बसले होते, हे तुला कळलं असतं तर तू किती हसला असतास. नऊ शब्द लागले. त्यातला एक ‘कॉन्व्हेंट’ होता. पुढचं मागचं काही लागलं नाही.

आणि आता आठव्या अंकाच्या या चार स्टेन्सिल्स. फुगे तू रिकामे ठेवलेस ते मी भरीन म्हणून, की अजून काही सुचलं नव्हतं म्हणून, ते मला कधीच कळणार नाही. मी त्यातून मला सोयीचा अर्थ काढायचा नाही असं ठरवलंय.

भाल्याचं मत साफ होतं. तो क्लासात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, “तू भर. त्याची सगळी स्टाइल तुला पाठ आहे. कोणाला कळणार पण नाय.”

“म्हणूनच नको.”

“मग काय, तशीच ठेवणार? मेण वाळलं ना की तडकेल सगळं, तूच सांगतेस.” मग त्याने विचारलं, “तुमच्यात काय होतं गं नक्की?”

“काम होतं,” मी म्हटलं. भाल्याने पुढे काही विचारलं नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

पण तो गेल्यावर मी करून पाहिलं. साध्या कागदावर, अकरा फुग्यांसाठी अकरा वाक्यं. तासाभरात झाली. नंदू, ती चांगली होती. दोन तर इतकी तुझी होती की मी हसले. मला तुझ्यासारखं बोलता येतं. चार वर्षं तुझा प्रत्येक शब्द माझ्या मनगटातून गेलाय. अंक तसाच छापला असता तर मुलुंडपासून कांदिवलीपर्यंत एकालाही शंका आली नसती. मी तो कागद फाडला. तुझ्या चित्रातल्या माणसाच्या तोंडी एकदा शब्द घातले होते ते अजून पुरले नाहीत का, असं मीच मला विचारलं.

मग मी पुन्हा चित्रं बघितली, या वेळी फुगे सोडून. अकराही चौकटींत काकाच आहेत. उंबऱ्यात, पाठ घराकडे. मागे खोलीत गिटार घेतलेला एक ठिपक्याएवढा तू. पहिल्या चौकटीत त्यांनी कानात बोट घातलंय. चौथीत ते जांभई देतायत. सातवीत कोणीतरी हाक मारतंय, त्याला ते हाताने थांब म्हणतायत. अकरावीत तसेच बसलेत, फक्त पायाचा अंगठा ठेक्याला वर उचललेला आहे.

फुगे त्यांचे होते. मग विचारायचंही त्यांनाच.

रविवारी दुपारी मी काच, लेखणी आणि स्टेन्सिल्स घेऊन तुझ्या घरी गेले. मी अशी न सांगता कोणाकडे जात नाही, तुला माहीत आहे. काका उंबऱ्यातच होते. मी त्यांच्या बाजूला खाली बसले आणि काचेवर एकेक पान ठेवून दाखवलं. त्यांनी सगळी पानं पाहिली. शेवटच्या चौकटीवर थांबले.

“हो माझो पाय न्हय,” म्हणाले.

“तुमचाच आहे, काका.”

त्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि तो जरा आत ओढला. मी विचारलं, की या प्रत्येक ठिकाणी तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं का? मला तेच लिहायचंय.

“मी काय एक बोलाक नाय. आयकत होतंय.”

मी स्टेन्सिल्स गोळा करायला लागले. मला वाटलं, झालं, हेच उत्तर आहे, फुगे रिकामे जातील आणि ते बरोबरच असेल. तेवढ्यात काकांनी शेवटच्या पानावर बोट टेकवलं. मेणावर बोट टेकवू नये म्हणून मी सगळ्यांवर डाफरते. त्यांना काही म्हटलं नाही.

“हय लिव,” ते म्हणाले. “रोज वाटायचा, आज तरी गप रवांदे. आता रवलो गप.”

आत काकींच्या हातातलं भांडं थांबलं. “असा लिवतत काय खंय?” त्या दाराशी येऊन म्हणाल्या.

“असाच,” काका म्हणाले.

मी लेखणी उचलली. खरं सांगते, माझ्या डोक्यात लगेच दुसरं वाक्य तयार झालं होतं: रोज वाटायचं, आज तरी गप्प राहू दे, आता तो गप्प आहे, पण घर अजून ऐकतंय. ‘पण’ घालून पुढे काहीतरी गोड जोडायचं, ही माझी जुनी खोड. ते वाक्य वाईट नव्हतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. काका मात्र त्यात कुठेच नव्हते.

मी त्यांच्या तोंडचं वाक्य कापलं, जसं आलं तसं, दोन ओळींत. ‘गप’ला दोनदा लेखणी घसरली, कारण काका माझ्या हाताकडे बघत होते. झाल्यावर ते चष्म्याशिवाय वाचता येतं का, हे पाहायला त्यांनी काच उजेडात धरली. वाचलं. काच माझ्या हातात दिली आणि गॅलरीकडे बघत बसले. काकी आत गेल्या. मी आणि तुझे वडील उंबऱ्यात बराच वेळ बसलो होतो, आणि मला बोलावं असं अजिबात वाटलं नाही. इतक्या सहज मी कोणाच्याही घरी बसलेली नाही.

उद्या दुपारी अंक मशीनवर चढवते. हे पान त्यातच टाचलेलं असेल, माझ्या नावाने, म्हणजे ‘खरखर’ घेणाऱ्या सगळ्यांना कळेल की पहिले सहा अंक ते नेमके कोणाच्या अक्षरात वाचत होते. सोबत कॅसेट नाही. ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांनी ती जपावी, तशी दुसरी कुणाकडे नाही. दहा फुगे रिकामेच जातील. भाल्या म्हणतो, लोकांना वाटेल छपाई गंडली. वाटू दे.

अकरावा फुगा बघून तू काय म्हणाला असतास, याचा मी दोन दिवस विचार करतेय. एवढ्या लांबड्या वाक्याने चित्र दबलं, म्हणाला असतास. फुगा मोठा करायला हवा होता, म्हणाला असतास. मी म्हटलं असतं, फुगा तू काढलास, वाक्य तुझ्या बाबांचं आहे, मी फक्त कापलंय. आपण जिन्यात उभं राहून तासभर भांडलो असतो, आणि या खेपेला, नंदू, तू हरला असतास.